महासाथ व आरोग्यसंदेश
महासाथ व आरोग्यसंदेश : रोगाची साथ पसरली असता तिची लक्षणे, बचावाचे उपाय व शासनाचे निर्बंध लोकांस कळविण्याच्या व्यवस्थेला येथे आरोग्यसंदेश असे म्हटले आहे. दवंडी, भित्तिपत्रक, वृत्तपत्र, आकाशवाणी, दूरचित्रवाणी व मोबाइल दूरध्वनी ही या व्यवस्थेची क्रमाक्रमाने वापरात आलेली साधने होत. संदेश पोहोचणे आणि संदेशाप्रमाणे वागणूक होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली साधनावर अवलंबून असते. दुसरी मात्र सांगणाऱ्याविषयीचा विश्वास आणि सांगितलेले करणे शक्य आहे किंवा नाही, यांवर ठरते. मुंबई व तिच्या उपनगरांच्या गेल्या सु. सव्वाशे वर्षांच्या इतिहासात हा भेद विशेष स्पष्टपणे दिसून येतो. १८९६ मध्ये सुरू झालेली प्लेगची साथ आणि २०२० मधील कोविड–१९ ची महासाथ यांच्यातील अंतर फार मोठे असले, तरी दोन्ही वेळी शासनाने आधार घेतला तो १८९७ च्या एकाच साथरोग अधिनियमाचा. पहिल्या वेळी आज्ञा भिंतीवर चिकटविलेली होती. दुसऱ्या वेळी ती प्रत्येकाच्या खिशात होती.

प्रस्तुत नोंदीत मुंबई उपनगर जिल्ह्यातील मढ हे गाव व त्यासारख्या कोळीवाड्यांची स्थिती नजरेसमोर ठेवून हा इतिहास मांडला आहे. मढ हे साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यावर, मालाडच्या खाडीच्या मुखाशी वसलेले आहे. येथील पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला. इंग्रजी अमदानीत हा प्रदेश ठाणे जिल्ह्यात मोडत असे; १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निराळा करण्यात आला आणि १९५७ मध्ये मालाडसह हा भाग बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आला. गावास येण्याचा एक मार्ग मालाडहून मार्वेकडे येणारा रस्ता व दुसरा वेसाव्याहून खाडी ओलांडणारी तर. मासेमारी हा येथील मूळ व्यवसाय. अशा गावात ‘घरी राहा’ या दोन शब्दांचा अर्थ बैठ्या नोकरदाराच्या घरातील अर्थाहून निराळा होतो, हे पुढील विवेचनात लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

प्लेगची साथ : सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ६ ऑक्टोबर रोजी महापालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी जाहीरनामा काढून रोग्यास वेगळे ठेवण्याचा व आवश्यक तर सक्तीने रुग्णालयात नेण्याचा अधिकार पालिकेकडे घेतला. जाहीरनाम्यात काय करावयाचे ते होते. रुग्णालयात नेलेल्या माणसाचे पुढे काय होते, याची माहिती मात्र लोकांस कोणीच दिली नाही. ही रिकामी जागा अफवांनी भरून काढली. रुग्णालयात माणसे मारून त्यांच्या देहापासून ‘मोमीआई’ नावाचे औषध काढतात, अशी एक वदंता होती. ऑक्टोबरमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्यास डांबर फासण्यात आले. त्या अपमानाबद्दल राणीस प्रजेची काळजे हवी आहेत, अशी दुसरी वदंता पसरली. या कल्पना आज हास्यास्पद वाटतील. परंतु आत गेलेला रोगी बहुधा परत येत नाही, हा त्यांमागील अनुभव खरा होता. २९ ऑक्टोबर रोजी सु. एक हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड येथील रुग्णालयावर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी नियम सौम्य करण्यात आले व घरी योग्य तऱ्हेने वेगळे राहणे शक्य असल्यास सक्ती होणार नाही, असे जाहीर झाले. शहरातील सफाई कामगार पळून गेले, तर सारे शहरच राहण्यास अयोग्य होईल, ही भीती स्नो यांच्या या माघारीमागे होती.

पुढे ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम मंजूर झाला. जाहीर नोटिशीद्वारे तात्पुरते नियम घालून देण्याचा अधिकार त्याने शासनास दिला. नोटीस हाच आरोग्यसंदेश, अशी या कायद्यामागील धारणा दिसते. वाचणाऱ्याने उलट प्रश्न विचारावा व त्यास उत्तर मिळावे, अशी सोय तीत नव्हती. त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल डब्ल्यू. एफ. गॅटॅकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत प्लेग समिती नेमण्यात आली. पुण्यातील घरझडत्यांचा शेवट २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी डब्ल्यू. सी. रँड यांच्यावरील गोळीबारात झाला. त्यानंतर शासनावरील टीकेबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला व त्यांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली. लोकांना समजेल अशा भाषेत साथीविषयी लिहिणारे देशी वृत्तपत्र हे शासनास साहाय्यक वाटण्याऐवजी शत्रू वाटले, ही या काळातील मोठी चूक होय. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत विणकरांच्या वस्तीतील एका आजारी मुलीच्या तपासणीवरून पुन्हा दंगल उसळली.

मात्र याच काळात दुसरी एक वाटही सापडली. गॅटॅकर समितीने निरनिराळ्या जातिजमातींस आपापली प्लेग रुग्णालये उघडू दिली. तेथे रोग्याजवळ आप्तांस जाता येई व खाण्यापिण्याचे आचार सांभाळले जात. रुग्णालयाविषयीचे भय कमी करण्यास कोणत्याही भित्तिपत्रकापेक्षा या सवलतीचा उपयोग अधिक झाला. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याहूनही लोकांच्या वागणुकीवर अधिक परिणाम करणारी घटना म्हणजे तिसरे आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमक्ष ती टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल येथे एका दूषित बाटलीतील लसीमुळे एकोणीस जण धनुर्वाताने दगावले आणि ही वार्ता देशभर पोहोचून लसीकरणास दीर्घकाळ खीळ बसली. वांद्रे व साष्टीतील इतर गावांत ख्रिस्ती रहिवाशांनी प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस अद्याप पाहावयास मिळतात. तेही एक प्रकारचे संदेशच. फक्त ते पालिकेने लिहिलेले नव्हते.

१९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या वेळी सक्तीचा मार्ग फारसा अवलंबिण्यात आला नाही. सोशल सर्व्हिस लीग (स्थापना १९११) व इतर स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते औषधे व दूध घेऊन चाळींतून फिरले आणि सूचना त्यांच्या तोंडूनच लोकांपर्यंत गेल्या. देवीच्या निर्मूलनाच्या अखेरच्या टप्प्यात, १९७५ मध्ये, रोगी दाखवून देणाऱ्यास एक हजार रुपयांचे बक्षीस जाहीर करण्यात आले. लोकांस आज्ञा देण्याऐवजी त्यांच्याकडून माहिती मागणारा हा संदेश होता. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी व नंतर सुरत येथे प्लेग आढळला, तेव्हा दूरचित्रवाणी घराघरांत होती; तरीही सुरतेतून लाखो लोक बाहेर पडले. चित्र पाहिल्याने भय कमी होतेच असे नाही, एवढे त्यावरून दिसले.

कोविड–१९ : महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात व मुंबईतील पहिले रुग्ण ११ मार्च रोजी आढळले. याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने या रोगास महासाथ म्हटले. १३ मार्चपासून राज्यात साथरोग अधिनियम लागू करण्यात आला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. या वेळी संदेशवहनाचे मुख्य साधन मोबाइल हे होते. दूरध्वनी लावताच घंटेऐवजी प्रथम खोकल्याचा आवाज व मागोमाग सूचना ऐकू येऊ लागली. पुढे काही महिने अमिताभ बच्चन यांच्या आवाजातील सूचना ऐकविली जाई. ही योजना निरक्षरांपर्यंतही पोहोचली, हा तिचा गुण. परंतु घाईच्या प्रसंगी रुग्णवाहिका बोलावणाऱ्यासही तीच सूचना प्रथम ऐकावी लागे, आणि शेकडो वेळा ऐकलेले वाक्य कानावर पडूनही ऐकू येत नाही, असाही अनुभव आला.

शासनाच्या सूचनांबरोबरच, किंबहुना त्यांच्या आधी, खोटी माहिती याच साधनाने पोहोचली. कोंबडीचे मांस खाल्ल्याने हा रोग होतो, या अफवेने फेब्रुवारी–मार्च २०२० मध्ये राज्यातील कुक्कुटपालकांचे अतोनात नुकसान झाले. जागतिक आरोग्य संघटनेने या स्थितीस ‘इन्फोडेमिक’ म्हणजे माहितीची महासाथ असे नाव दिले. ७ एप्रिल २०२० पासून व्हॉट्सॲप या सेवेने वारंवार पुढे पाठविलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. प्लेगच्या काळात अफवेस एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जाण्यास पायी चालणाऱ्या माणसाची गरज लागे; तो माणूस ओळखीचा असे व त्यास प्रश्न विचारता येई. मोबाइलवरील संदेशही ओळखीच्या माणसाकडूनच येतो. मात्र त्याने तो दुसऱ्याकडून घेतलेला असतो आणि मूळ सांगणारा कोण, हे कोणासच ठाऊक नसते. परिचिताचा विश्वास अपरिचिताच्या बोलण्यास उसना मिळावा, ही या साधनाची खरी नवलाई आणि खरा धोकाही होय.

१४ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदी वाढविल्याचे जाहीर झाले त्याच दिवशी, वांद्रे स्थानकाजवळ हजारो परप्रांतीय मजूर जमले. गावी जाणाऱ्या गाड्या सुटणार असल्याची वार्ता पसरली होती. ती खरी नव्हती. या घटनेचे खापर बहुतेकांनी अफवेवर फोडले व ते काही अंशी योग्यही आहे. परंतु काम बंद, मजुरी बंद आणि दहा-बारा जणांस एक खोली, अशा स्थितीत घरी जाण्याची इच्छा अफवेने निर्माण केलेली नव्हती. १ मेपासून श्रमिकांसाठी विशेष गाड्या खरोखरच सुरू झाल्या, हे ध्यानात घेतले म्हणजे ही अफवा पंधरवडाभर आधी आलेली बातमी ठरते. दोनच दिवसांनंतर, १६ एप्रिल रोजी, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे मुले पळविणाऱ्यांच्या व शरीराचे अवयव काढून नेणाऱ्यांच्या अफवेतून जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची हत्या केली. अवयव काढून नेणाऱ्यांची ही कल्पना मोमीआईच्या वदंतेशी किती जुळते, हे वेगळे सांगावयास नको.

२ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने ‘आरोग्य सेतू’ हे उपयोजन सुरू केले. दोन व्यक्ती एकमेकींजवळ आल्या असता त्यांच्या मोबाइलनी ब्लूटूथ लहरींद्वारे त्याची नोंद ठेवावी आणि पुढे एकीस रोग झाल्यास दुसरीस इशारा मिळावा, असे त्याचे तत्त्व होते. मे महिन्यात काही काळ ते कार्यालयांतील कर्मचाऱ्यांस सक्तीचे करण्यात आले. नंतर ही सक्ती शिथिल झाली. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता त्यांच्यासाठी १९२१ हा दूरध्वनी क्रमांक ठेवण्यात आला. या उपयोजनाची अडचण तांत्रिक कमी व सामाजिक अधिक होती. ते सर्वांकडे असेल, तरच त्याचा इशारा अर्थपूर्ण ठरे. शिवाय सामायिक नळ व सामायिक शौचालय वापरणाऱ्या वस्तीत निकट येणे हे इशाऱ्याचे कारण होऊ शकत नाही; ते तेथील रोजचे जगणे असते. जुलै २०२० मध्ये दहिसर, माटुंगा व चेंबूर पश्चिम या तीन विभागांत सु. सात हजार व्यक्तींच्या रक्ताची तपासणी करण्यात आली. तीत झोपडवस्तीतील सु. ५७ टक्के, तर इतर वस्तीतील सु. १६ टक्के लोकांस हा संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. सूचना दोन्हीकडे सारख्याच पोहोचल्या होत्या. अंतर ठेवण्यास लागणारी जागा सारखी नव्हती.

मुंबई महानगरपालिकेने अवलंबिलेली दुसरी योजना साधी होती, परंतु अधिक फलदायी ठरली. जून २०२० मध्ये चोवीस प्रशासकीय विभागांत स्वतंत्र नियंत्रण कक्ष उघडण्यात आले. प्रयोगशाळेचा अहवाल प्रथम पालिकेकडे येई व विभागातील कक्षातून रुग्णास दूरध्वनी जाई. खाट हवी आहे काय, घरी वेगळी खोली आहे काय, शौचालय सामायिक आहे काय, असे प्रश्न विचारून पुढील व्यवस्था ठरविली जाई. त्यामुळे खाटेसाठी शहरभर धावाधाव करण्याऐवजी लोकांस आपल्याच विभागात विचारता येऊ लागले. तंत्राच्या दृष्टीने यात नवीन काहीच नव्हते. परंतु दुसऱ्या टोकास माणूस होता व त्यास उलट विचारता येत होते. त्याच महिन्यात मुलुंड, भांडुप, मालाड, कांदिवली, बोरीवली व दहिसर या उत्तरेकडील उपनगरांत रुग्ण वाढू लागले, तेव्हा शीघ्र कृती योजनेखाली तेथे फिरते दवाखाने पाठविण्यात आले. मढ, मार्वे, एरंगळ, मालवणी हा सारा टापू तेव्हा मालाडच्या पी-उत्तर विभागात होता.

कोळीवाडे : शहरातील ज्या वस्त्या प्रथम संपूर्ण बंद करण्यात आल्या त्यांत मार्च २०२० अखेरचा वरळी कोळीवाडा प्रमुख होय. अरुंद गल्ल्या, एकमेकींस लागून घरे, दारातच जाळी विणण्याचे व मासळी निवडण्याचे काम, अशी मढपासून कफ परेडपर्यंतच्या बहुतेक कोळीवाड्यांची रचना आहे. मच्छीमारांपुढील प्रश्न केवळ रोगाचा नव्हता. १० एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने सागरी मासेमारी व मासळीची विक्री यांस टाळेबंदीतून सूट दिली. परंतु विक्रीचे बाजार गर्दीचे म्हणून ठिकठिकाणी बंद होते. समुद्रावर जावे असे एक आज्ञापत्र सांगते आणि आणलेली मासळी विकू नये असे दुसरे सांगते, अशा वेळी कोणता संदेश पाळावा हा प्रश्न शिस्तीचा उरत नाही. मासळी विकणाऱ्या स्त्रियांस तो विशेष जाचक झाला, कारण ताज्या मालास उद्याची वाट पाहता येत नाही.

कोळी समाज हा संदेश न मानणारा समाज आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. किंबहुना इशाऱ्याचे मोल या समाजाइतके दुसऱ्या कोणास क्वचितच ठाऊक असेल. बंदरावर चढविलेला धोक्याचा बावटा पाहून होडी आत घेणे, हा येथील पिढ्यांचा शिरस्ता. १९९९ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र मासळीचे संभाव्य क्षेत्र व लाटांची उंची यांविषयीची माहिती मोबाइलवरूनही पुरविते; म्हणजे महासाथीच्या आधीच कोळ्याच्या खिशातील मोबाइल हा त्याच्या धंद्याचा एक भाग होऊन बसला होता. टाळेबंदी चालू असतानाच ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. त्याआधी मच्छीमारांस समुद्रावरून परतण्याचे इशारे देण्यात आले आणि मुंबईच्या किनाऱ्यावरील सखल वस्त्यांतील लोकांस हलविण्यात आले. वादळाचा इशारा मानला जातो, कारण तो मानल्याचा लाभ दोन दिवसांत डोळ्यांस दिसतो, तो खोटा ठरल्यास तेही दिसते आणि होडी किनाऱ्यास ओढण्याचे काम आपल्या हातचे असते. रोगाच्या इशाऱ्यात यांपैकी एकही गोष्ट नसते. पाळणाऱ्यास त्याचे फळ दिसत नाही. ते दुसऱ्या कोणास तरी न झालेल्या रोगाच्या रूपाने असते. आरोग्यसंदेश तयार करणाऱ्यांनी लोकांच्या अज्ञानाची चर्चा पुष्कळ केली. या भेदाची तितकी केली नाही.

लसीकरण : भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले व त्याची नोंद ‘कोविन’ या संगणकीय व्यवस्थेत होऊ लागली. १ मेपासून १८ ते ४४ वर्षे वयाच्या सर्वांस लस खुली झाली. परंतु त्यासाठी आधी महाजालावर नोंदणी करून वेळ घेणे सक्तीचे होते. लस थोडी व मागणारे फार, त्यामुळे खुली झालेली वेळ काही क्षणांत संपे. ज्यांच्या बोटांस सवय व ज्यांच्याकडे वेगवान जोडणी होती त्यांस ती मिळे. मुंबईतील लोक ठाणे व पालघर जिल्ह्यांच्या ग्रामीण केंद्रांत वेळ मिळवून तेथे जाऊ लागले आणि गावातील रहिवासी आपल्याच गावच्या केंद्राबाहेर उभे राहिले. प्लेगच्या वेळी लोक लसीपासून पळत होते. येथे लस मागणाऱ्यासच साधनाने अडविले. २४ मे रोजी शासकीय केंद्रांत जागेवर नोंदणीची मुभा देण्यात आली. ३१ मे रोजीच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने संगणकीय साधनांपासून वंचित असलेल्यांचा प्रश्न उपस्थित करून या सक्तीबद्दल शासनास जाब विचारला आणि २१ जूनपासून सर्व प्रौढांस थेट केंद्रावर जाऊन लस घेता येऊ लागली.

साधनाचा उपकारही त्याच महिन्यात दिसून आला. ३० मे २०२१ रोजी कांदिवली येथील एका निवासी संकुलात खाजगी शिबिर भरवून ३९० रहिवाशांस लस टोचण्यात आली. लस घेतल्यावर मोबाइलवर येणारा संदेश कोणासच आला नाही, नंतर मिळालेली प्रमाणपत्रे निरनिराळ्या रुग्णालयांच्या नावांची निघाली आणि शिबिर बनावट असल्याचे उघडकीस आले. पूर्वी अशी फसवणूक लक्षात येण्यास कदाचित मृत्यू घडावे लागले असते. येथे न आलेल्या संदेशाने ते काम केले.

कोविड–१९ विषयीची जागतिक आरोग्य संघटनेची आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपली. उपनगरांतील लोकांस लस घेण्यास प्रवृत्त करणारा सर्वांत परिणामकारक संदेश मात्र बहुधा आरोग्य खात्याचा नव्हताच. लसीच्या दोन मात्रा पूर्ण होऊन चौदा दिवस झालेल्यांस १५ ऑगस्ट २०२१ पासून उपनगरी रेल्वेने प्रवास करता येईल, असे राज्य शासनाने त्या महिन्याच्या आरंभी जाहीर केले. पोटासाठी रोज गाडी पकडणाऱ्यास या सूचनेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडली नाही. प्रवासाचा परवाना मोबाइलवर मिळण्याची सोय होतीच. तथापि कोविनचा अनुभव ताजा असल्याने या वेळी रेल्वे स्थानकांवर पालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या खिडक्याही उघडण्यात आल्या. तेथे लसीचे छापील प्रमाणपत्र व ओळखपत्र तपासून त्यांवर रबरी शिक्का मारला जाई आणि तो दाखवून पुढच्या खिडकीवर मासिक पास मिळे.